अराई हाकुसेकी: शोगुनचा गुरू खरंच राज्य चालवत होता का?

पिंपळपान | सोमवार, रात्री १०:१२

सध्या जपानच्या तोकुगावा काळाच्या, म्हणजे शोगुन या लष्करी राज्यकर्त्यांच्या काळाच्या, मागे लागलोय आणि त्यातला एक माणूस काही केल्या डोक्यातून जात नाही. अराई हाकुसेकी (१६५७–१७२५). पेशाने पंडित, कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवर व्याख्यानं देणारा. जन्माने सामुराई खरा, पण ऐन तरुणपणी बाप-लेक दोघांनाही मालकाने हाकललं. असा माणूस पुढे १७०९ ते १७१६ या काळात नाणी, खटले, परदेशी व्यापार, कोरियाचा राजदूत, सगळ्यात बोट घालताना दिसतो.

चीन-कोरियातलं गणित समजतं. परीक्षा द्या, पास व्हा, अधिकारी व्हा. जपानमध्ये तशी परीक्षाच नव्हती. पदं जन्मावर. रोजू, म्हणजे वरिष्ठ मंत्री, व्हायचं तर तोकुगावांच्या जुन्या निष्ठावंत दाइम्यो (सरंजामदार) घराण्यात जन्म घ्यावा लागे. पंडिताची जागा साधारण राजवैद्याच्या रांगेत. विचारलं तर बोलायचं, नाहीतर गप्प बसायचं.

मग या माणसाच्या हातात नेमकं काय होतं? तो खरोखर धोरण ठरवत होता, की आधीच ठरलेल्या गोष्टींना ग्रंथातला आधार काढून देत होता? जाणकारांनी लिहावं.

दुपारची_झोप | सोमवार, रात्री १०:३१

वाचतोय. आता कोणीतरी अष्टप्रधान मंडळ काढणार, त्याआधी जागा धरून ठेवतो.

पिंपळपान | सोमवार, रात्री १०:३४

काढू नका, हात जोडतो. धागा जपानातच राहू द्या.

खडूफळा | सोमवार, रात्री ११:०५

छान विषय. पण हाकुसेकीकडे जाण्याआधी हायाशी राझान (१५८३–१६५७) बघायला हवा, कारण "शोगुनचा पंडित" ही जागा त्याने पाडून ठेवली. तरुणपणीच तो पहिला तोकुगावा शोगुन इएयासु याच्या चाकरीत शिरला. पण पंडित म्हणून दरबारात वेगळं पद नव्हतंच, म्हणून १६०७ मध्ये इएयासुने त्याला डोकं भादरून बौद्ध भिक्षूचं नाव घ्यायला लावलं. आयुष्यभर बौद्धांवर टीका करणारा माणूस, आणि दरबारात उभा राहायचा तो भिक्षूच्या वेषात! नाकाए तोजु नावाच्या दुसऱ्या पंडिताने त्यावरून त्याला लेखी झोडपला आहे. पोपटासारखं पाठांतर आहे, आचरण नाही, असा एकूण सूर.

राझानला कामं काय? पत्रांचे मसुदे, कायद्याचे मसुदे (१६३५ ची सामुराई घराण्यांसाठीची सुधारित आचारसंहिता त्याच्याच हातची), वंशावळी. आणि १६१४ मधलं ते घंटा प्रकरण.

शेंडेफळ | सोमवार, रात्री ११:११

कुठली घंटा? अर्धवट सोडू नका हो ताई.

खडूफळा | सोमवार, रात्री ११:२६

क्योतोच्या होकोजी मंदिरात तोयोतोमी या प्रतिस्पर्धी घराण्याने मोठी घंटा ओतवली. तिच्यावरच्या लांबलचक लेखात "राष्ट्र सुखी असो" अशा अर्थाची चार अक्षरं होती. त्यात इएयासुच्या नावाची दोन अक्षरं आली, पण मध्ये दुसरं अक्षर घुसलेलं. झालं! "इएयासुच्या नावाचे दोन तुकडे केले, हा शाप आहे." असा अर्थ लावून देणाऱ्यांत राझान पुढे होता. इएयासुला ओसाकावर चाल करायला निमित्तच हवं होतं. त्याच हिवाळ्यात वेढा पडला आणि पुढच्या वर्षी तोयोतोमी घराणं संपलं.

घंटा अजून तिथेच आहे. ती चार अक्षरं पांढऱ्या रंगाने चौकट करून दाखवलेली असतात.

चष्मेबहाद्दर | मंगळवार, सकाळी ८:४०

म्हणजे पिंपळपान यांच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच पानावर मिळालं. राजाला जे हवं ते ग्रंथातून काढून द्यायचं. यालाच राजकीय सल्लागार म्हणतात, तेव्हाही आणि आताही. धागा बंद करा.

पिंपळपान | मंगळवार, सकाळी ९:०२

राझानपुरतं मान्य. पण हाकुसेकी तसा वाटत नाही, म्हणून तर विचारलं. त्याचं पूर्वायुष्य थोडक्यात टाकतो.

१६५७ च्या मेइरेकी आगीत एदो (आताचं तोक्यो) शहराचा बराच भाग जळाला. त्या आगीत राझानचं ग्रंथालय गेलं आणि चार-पाच दिवसांत तो वारला. हाकुसेकी त्याच आगीनंतर काही आठवड्यांत जन्मला, आश्रयाला गेलेल्या कुटुंबात. बापाचा मालक, कुरुरीचा दाइम्यो, त्याला "आगीचं पोर" म्हणायचा. नवव्या वर्षी रोज दिवसा तीन हजार आणि रात्री एक हजार अक्षरं गिरवायचा नेम. हिवाळ्यात लवकर अंधारायचं म्हणून मेज पश्चिमेच्या बांबूच्या ओसरीवर न्यायचा, आणि रात्री झोप आली की बादलीतलं गार पाणी अंगावर ओतून घ्यायचा.

१६७७ मध्ये मालकाच्या घरातल्या भांडणात बाप-लेकांची हकालपट्टी, वर दुसरीकडे चाकरी करायला बंदी. पुढे ते दाइम्यो घराणंच बरखास्त झालं तेव्हा बंदी सुटली. मग होत्ता मासातोशी या बड्या मंत्र्याकडे नोकरी. १६८४ मध्ये त्या मंत्र्याचा एदोच्या किल्ल्यातच खून! घराण्याची आर्थिक घडी मोडली आणि हा पुन्हा रस्त्यावर.

मधल्या हलाखीत कावामुरा झुइकेन या गडगंज व्यापाऱ्याने नात देऊ केली, वर तीन हजार ऱ्यो (सोन्याची नाणी). याने नकार दिला. कारण असं की सापाच्या पिल्लाला झालेली बारीक जखम तो मोठा झाल्यावर हातभर होते. आज गरिबीत घेतलेला डाग उद्या नाव झाल्यावर तेवढाच मोठा दिसेल. म्हणजे नाव होणार याबद्दल साहेबांना तेव्हाही शंका नव्हती.

दुपारची_झोप | मंगळवार, सकाळी ९:१५

तीन हजार ऱ्यो नाकारले? आमच्याकडे या स्थळाला "मुलगा जरा विक्षिप्त आहे" म्हणाले असते.

अडकित्ता | मंगळवार, दुपारी १:२०

पिंपळपान, नोकरी लागली ती कशी हे राहिलं की! खरी गंमत तिथे आहे.

कोफुचा दाइम्यो त्सुनातोयो हा शोगुन त्सुनायोशीचा पुतण्या. पण काकाचं आणि त्याचं जमत नसे, त्यामुळे त्याला भवितव्य नाही असा सगळ्यांचा समज. त्याला शिकवणीला पंडित हवा होता. आधी हायाशी घराण्याकडे विचारणा झाली, त्यांनी शिष्य द्यायला नकार दिला. बुडत्या जहाजावर कोण माणूस पाठवतो! मग हाकुसेकीचा गुरू किनोशिता जुनआन याच्याकडे विचारणा. जुनआनने हाकुसेकीचं नाव सुचवलं, आणि देऊ केलेला शिधा कमी आहे म्हणून घासाघीस करून तीस माणसांचा चाळीस माणसांचा करून घेतला. १६९३ ची ही गोष्ट. असा गुरू सगळ्यांना मिळो.

१७०४ मध्ये त्सुनायोशीला वारस उरला नाही म्हणून याच पुतण्याला वारस नेमावं लागलं, आणि १७०९ मध्ये तो इएनोबु नावाने शोगुन झाला. हायाशींनी हात चोळत बसायचं.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते उत्तर त्या १६९३ ते १७०९ मध्ये आहे. हाकुसेकी शोगुनचा सल्लागार झाला तेव्हा तो सोळा वर्षं त्याचा मास्तर होता. हिशेब त्याने स्वतःच लिहून ठेवलाय: एकोणीस वर्षांत १,२९९ व्याख्यानं. आणि शिष्य कसा? ऐन उन्हाळ्यात पूर्ण दरबारी पोशाखात बसायचा. पंखा हलवायचा नाही, डास बसला तरी झटकायचा नाही. सर्दी झाली तर तोंड वळवून नाक पुसायचा. वर्षानुवर्षं असा समोर बसलेला माणूस उद्या देशाचा मालक झाला, तर मास्तरांना पद लागतं कशाला?

खडूफळा | मंगळवार, दुपारी २:०५

माझ्या वर्गात असा एक जरी असता... जाऊ दे.

चष्मेबहाद्दर | मंगळवार, दुपारी ४:४८

अडकित्ता, एवढा भाबडा अर्थ नको. मानाबे आकिफुसाला विसरलात. नोह नाटकाच्या कलावंत घराण्यातून आलेला हा माणूस इएनोबुचा खाजगी कारभारी झाला आणि रोजू मंडळींना शोगुनपर्यंत पोचायचं तर त्याच्यामार्फतच जावं लागे. हाकुसेकीची टिपणं वर जायची तीही मानाबेच्या हातून. म्हणजे एक बिनपदाचा पंडित आणि एक नाटकवाल्याचा पोरगा यांनी मिळून जन्मजात मंत्र्यांना बाजूला सारलं होतं. कन्फ्यूशियसचं तत्त्वज्ञान वगैरे ठीक आहे, चालत होतं ते दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या जोरावर.

आणि विनोद असा की हाकुसेकीला नोह अजिबात आवडत नसे. इएनोबुला त्याचा नाद होता म्हणून हा त्याला लेखी बोल लावायचा. ते कागदसुद्धा मानाबेच्याच मार्फत गेले असतील का हो?

शेंडेफळ | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

कुत्र्यांचे कायदे करणारा शोगुन तो हाच का?

अडकित्ता | मंगळवार, संध्याकाळी ६:३२

तो आधीचा, त्सुनायोशी. प्राण्यांवर दया करा म्हणून एकामागून एक हुकूम. एदोजवळ नाकानोला भटक्या कुत्र्यांसाठी छावण्या बांधल्या, हजारो कुत्री सरकारी खर्चाने पोसली, आणि कुत्रा मारला म्हणून माणसांना शिक्षा. मरताना त्याने पुतण्याला सांगितलं की माझ्यामागे हे कायदे चालू ठेव. इएनोबुने काही दिवसांत ते मोडीत काढले आणि अडकलेल्यांना सोडलं.

पण लक्षात घ्या, त्सुनायोशी स्वतः कन्फ्यूशियसचा केवढा भक्त! युशिमाला कन्फ्यूशियसचं देऊळ त्यानेच उभारलं, दाइम्योंना समोर बसवून स्वतः ग्रंथ समजावून सांगायचा. तेव्हा "पंडित जवळ असला की राजा शहाणा होतो" असं काही नसतं.

तोक्योकर_ताई | मंगळवार, रात्री ८:५५

ते युशिमाचं देऊळ ओचानोमिझु स्टेशनच्या अगदी जवळ आहे. आताची इमारत १९३५ ची, काँक्रीटची, कारण आधीची १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेली. काळीकुट्ट, भव्य, आत शिरल्यावर गारवा. जानेवारी-फेब्रुवारीत परीक्षांच्या दिवसांत पोरांची ही गर्दी! लाकडी पाटीवर "अमुक विद्यापीठात प्रवेश मिळू दे" लिहून टांगतात. माझ्या लेकानेही टांगली होती. जपानमध्ये परीक्षा घेऊन अधिकारी नेमत नव्हते म्हणता ना, आता सगळी कसर भरून निघाली आहे.

नाणेबाज | मंगळवार, रात्री ९:४०

धाग्यात अजून नाण्यांचा विषय कसा नाही निघाला? हाकुसेकीची सगळ्यात मोठी लढाई तीच, आणि माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी चूकही तीच. सविस्तर लिहितो.

तोकुगावांच्या सोन्या-चांदीच्या खाणी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आटत चालल्या. खर्च मात्र वाढता: त्सुनायोशीची देवळं, १७०३ चा भूकंप, १७०७ मध्ये फुजी पर्वताचा उद्रेक. खजिन्याचा प्रमुख ओगिवारा शिगेहिदे. त्याने १६९५ मध्ये जुनी सोन्याची नाणी परत घेतली आणि नवी पाडली. जुन्या कोबानमध्ये (सोन्याच्या नाण्यात) सोनं सुमारे ८४ टक्के, नव्यात सुमारे ५७. तोंडावरची किंमत तीच. मधला फरक सरकारच्या खिशात. पुढे चांदीची नाणी तर इतकी हलकी केली की हातात धरल्यावर लाज वाटावी.

हाकुसेकीचं म्हणणं, हे पाप आहे. पूर्वजांनी घालून दिलेलं नाणं बिघडवलं म्हणून देवही कोपला, भूकंप आणि राख त्यामुळेच. ओगिवाराला काढा म्हणून त्याने एकामागून एक अर्ज टाकले. इएनोबुचं उत्तर शहाणपणाचं होतं: हुशारी आणि सचोटी एका माणसात क्वचितच मिळते, आणि आकडेमोड कळणारा दुसरा कोण आहे माझ्याकडे? यावर हाकुसेकी म्हणतो, याच्यात दोन्ही नाही. १७१२ मध्ये शोगुन आजारी असताना तिसरा अर्ज गेला, तेव्हा ओगिवाराची गच्छंती झाली. महिन्याभरात शोगुनही वारला.

मग १७१४ मध्ये नाणी पुन्हा शंभर वर्षांपूर्वीच्या कसाची पाडली. परिणाम? चलन आकसलं, पुढे भाताचे भाव पडले. आणि सामुराईंचा पगार कशात? भातात! पगार भातात, खर्च पैशात, आणि भात स्वस्त. ज्या वर्गाच्या भल्यासाठी पंडितजी झगडत होते त्यांच्याच पोटावर पाय. ओगिवाराला आज बरेच अर्थ-इतिहासकार काळाच्या पुढचा माणूस मानतात. सरकारने शिक्का मारला की तो पैसा, धातू कोणता याला महत्त्व नाही, असं त्याचं धोरण होतं. आज आपल्या खिशात दुसरं काय आहे?

खडूफळा | बुधवार, सकाळी ७:३०

नाणेबाज, लेखन उत्तम, निकाल एकतर्फी. १६९५ नंतर लोकांनी चांगली नाणी दडवली, भाव चढले, ते कोणी सोसलं? आणि फुजीच्या राखेखाली गेलेल्या गावांसाठी म्हणून साऱ्या देशावर शंभर कोकूमागे (कोकू हे भाताचं माप) दोन ऱ्यो अशी पट्टी बसवली, त्यातला मोठा हिस्सा गावांपर्यंत पोचलाच नाही. खजिना कोणाच्या हातात होता? ओगिवाराच्या.

"काळाच्या पुढचा" हे विशेषण पैसे मोजणाऱ्याला लावताना मी जरा हात आखडता घेते.

नाणेबाज | बुधवार, सकाळी ७:५२

त्याने लाच खाल्ली हा आरोप हाकुसेकीचाच आहे, ताई. ओगिवाराची बाजू लिहायला ओगिवारा उरला नाही, बडतर्फीनंतर साधारण वर्षभराने मेला.

दुपारची_झोप | बुधवार, सकाळी ८:०१

सकाळी सातला नाण्यांवरून भांडणारे लोक फक्त इथेच मिळतील. चहा घ्या दोघं.

मांडवीकाठ | बुधवार, सकाळी ११:१५

सिदोत्तीचं कोणी लिहिलं नाही अजून. मी लिहितो, कारण त्या गोष्टीचं एक टोक आमच्या गोंयात आहे.

१५४८ मध्ये अंजिरो नावाच्या जपानी माणसाचा बाप्तिस्मा गोव्यात झाला. जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला, आणि १५४९ मध्ये त्यालाच वाटाड्या घेऊन फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून कागोशिमाला उतरला. आज झेवियरचं शव बाँ जेझुसमध्ये आहे ते सगळ्यांना माहीत. जपानात पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, पाद्री मारले गेले, दारं बंद झाली. आणि दीडशेहून जास्त वर्षांनी, १७०८ मध्ये, पालेर्मोचा एक पाद्री, जोव्हान्नी बात्तिस्ता सिदोत्ती, कागोशिमाच्याच दक्षिणेला याकुशिमा बेटावर एकटा उतरला. सामुराईसारखे केस राखलेले, जपानी कपडे, कमरेला तलवार. पहिल्याच शेतकऱ्याने ओळखलं असणार.

त्याला एदोला आणलं आणि १७०९ मध्ये चौकशीला नेमलं हाकुसेकीला. नागासाकीचे डच दुभाषे मध्ये बसवून. नकाशा पुढे ठेवला तर सिदोत्तीने कंपास फिरवून रोम दाखवलं, एदो दाखवलं. हाकुसेकी थक्क! भूगोल, खगोल, देशोदेशीच्या लढाया, सगळं विचारून घेतलं आणि त्यावर नंतर पुस्तकं लिहिली. पण धर्माचा विषय निघाला की त्याच्या मते हा दुसराच कोणी बोलतोय असं वाटे. इतका शहाणा माणूस आणि असलं काहीतरी बोलतो!

मला आवडलेला प्रसंग: सिदोत्ती पहिल्याच भेटीत म्हणतो, माझ्यामुळे हे पहारेकरी थंडीत रात्रंदिवस जागतात. रात्री मला बेड्या घाला, म्हणजे यांना झोपता येईल. सगळे हेलावले. हाकुसेकी मात्र म्हणाला, हे तुझं बोलणं खोटं. तुला थंडी बाधू नये म्हणून अधिकाऱ्यांनी कपडे दिले ते तू घेत नाहीस, त्याने त्यांच्या जिवाला घोर लागलाय. त्यांची काळजी का नाही करत? सिदोत्ती ओशाळला आणि त्याने कपडे घेतले.

शेवटी हाकुसेकीने शोगुनला तीन पर्याय लिहून दिले. उत्तम: परत पाठवा. मध्यम: कैदेत ठेवा. कनिष्ठ: ठार करा. दरबाराने मधला घेतला.

तोक्योकर_ताई | बुधवार, दुपारी १२:०४

याला ताजी पुरवणी. सिदोत्तीला ठेवलं होतं त्या ख्रिस्ती कैद्यांच्या वाड्याची जागा आताच्या बुन्क्यो वॉर्डात आहे. २०१४ मध्ये तिथे रहिवासी इमारतीच्या कामाआधी उत्खनन झालं, तीन सांगाडे सापडले. डीएनए तपासून २०१६ मध्ये जाहीर केलं की त्यातला एक सिदोत्तीचा. बाकीचे दोन त्याची सेवा करणाऱ्या जोडप्याचे, चोसुके आणि हारु यांचे, असं मानतात. त्या दोघांना त्याने बाप्तिस्मा दिला हे उघड झाल्यावर तिघांना वेगवेगळं कोंडलं, आणि १७१४ मध्ये तो तळघरातच वारला.

उलटतपासणी | बुधवार, रात्री ९:२०

कोर्टातून आत्ता आले, धागा एका दमात वाचला. माझ्या आवडीचं प्रकरण राहिलंय. १७११ चा खटला.

कावागोएच्या हद्दीत कोमाबायाशी नावाचं गाव. उमे नावाची बाई. भाऊ येऊन सांगतो, तुझा नवरा त्याच्या गावी गेलाय, तोवर माहेरी चल. दिवस जातात, नवरा येत नाही. नदीत प्रेत तरंगतंय असं कानावर येतं. ती बापाला, भावाला म्हणते, बघून या. ते म्हणतात, तो कशाला असेल. शेवटी ती गावच्या प्रमुखाला गाठते, प्रेत बाहेर काढायला लावते. नवराच. आणि तपासात निघतं की खून बापाने आणि भावाने केला.

आता पेच बघा. बापावर आरोप करणाऱ्या मुलाला कन्फ्यूशियसी विचारात क्षमा नाही. प्राचीन कायद्यात त्याला मोठी शिक्षा. मग उमेने बापाला पकडून दिलं असं धरायचं का? हायाशी होकोने (राझानचा नातू, शिष्य न देणाऱ्या त्याच घराण्यातला) ग्रंथ काढला: नवरा कोणीही होऊ शकतो, बाप एकच. म्हणून बाई दोषी.

हाकुसेकीनेही ग्रंथच काढले. लग्न झालेली बाई नवऱ्याचं सुतक तीन वर्षं पाळते, बापाचं एकच वर्ष. म्हणजे शास्त्रानेच ठरवलंय की लग्नानंतर तिची पहिली बांधिलकी कोणाशी. शिवाय ती बापाचं नाव घेऊन गेली नव्हती, नवऱ्याला शोधत गेली होती. खुनी कोण हे तिला माहीतच नव्हतं. तिला शिक्षा नको. पण आता तिला ना सासर ना माहेर, तेव्हा स्वखुशीने जोगीण व्हायला सुचवा, आणि बापाची व नवऱ्याची मालमत्ता मठाला द्या, म्हणजे तिचं पोट चालेल. तसंच झालं, ती कामाकुराच्या मठात गेली.

वकील म्हणून सांगते, युक्तिवाद अव्वल आहे. हेतू आणि माहिती हे मुद्दे तो बरोबर पकडतो. चष्मेबहाद्दर, "राजाला हवं ते ग्रंथातून काढणं" असतं तर दोघा पंडितांनी दोन उलटी उत्तरं कशी काढली? निवड राजाने केली हे खरं, पण निवडायला दुसरं उत्तर समोर होतं ते हाकुसेकीमुळे. बाईचा जीव त्यावर होता.

चष्मेबहाद्दर | बुधवार, रात्री ९:४७

बाईला मठात धाडणं याला तुम्ही सुटका म्हणता?

उलटतपासणी | बुधवार, रात्री ९:५३

१७११ मध्ये, समोर दुसरा पर्याय देहदंड किंवा गुलामी असताना? हो, म्हणते.

शेंडेफळ | बुधवार, रात्री १०:२०

सत्तेचाळीस रोनिनांच्या (मालक गमावलेल्या सामुराईंच्या) वेळी पण पंडितांना विचारलं होतं ना?

अडकित्ता | बुधवार, रात्री १०:४१

विचारलं होतं. १७०३, त्सुनायोशीचा काळ. हायाशी होको रोनिनांच्या बाजूचा, मुरो क्यूसोने तर त्यांना धर्मवीर ठरवणारं पुस्तक लिहिलं. ओग्यू सोराई मात्र म्हणाला, मालकासाठी बदला घेणं हा त्यांचा खाजगी धर्म झाला. सार्वजनिक कायदा मोडला तर मरण अटळ, पण गुन्हेगारासारखं नको, सामुराईला शोभेल असं पोट फाडून. तसंच झालं. स्वतंत्र धागा काढा कोणीतरी, इथे नको.

पिंपळपान | गुरुवार, सकाळी ९:१०

दंडवत सगळ्यांना. आता मूळ प्रश्नाकडे वळतो, कारण नोकरी जाण्याचा भाग राहिलाय.

१७१२ मध्ये इएनोबु गेला. मुलगा इएत्सुगु अवघ्या तीन-चार वर्षांचा. तीनेक वर्षं हाकुसेकी आणि मानाबेने कारभार रेटला, पण आता शिष्य नव्हता, शिष्याचं लेकरू होतं. रोजू मंडळी हळूहळू सरसावली. १७१६ मध्ये पोरगंही गेलं आणि तोकुगावांच्या कीइ शाखेतून योशिमुने शोगुन म्हणून आला. मानाबे आणि हाकुसेकी दोघांचीही गच्छंती. हाकुसेकीचं सरकारी घर काढून घेतलं.

आणि मग उलटापालट बघा. १७१० मध्ये त्याने सोप्या जपानीत लिहिलेली आचारसंहिता १७१७ मध्ये बाद, त्सुनायोशीच्या काळची परत. १७११ मध्ये कोरियाच्या राजदूतासाठी शोगुनला "जपानचा राजा" म्हणायचं ठरवलं आणि पाहुणचाराचा खर्च छाटला. १७१९ मध्ये पुन्हा "ताइकुन" ही जुनी पदवी आणि जुना थाट. (त्या बदलाला त्याचाच गुरुबंधू आमेनोमोरी होशु याने कोरियाजवळच्या त्सुशिमा बेटावरून कडक विरोध केला होता, हे विशेष.) म्हणून माझं मत आता असं झालंय: त्याच्या हातात एका माणसाचा कान होता. तो गेला, सगळं गेलं.

खडूफळा | गुरुवार, सकाळी १०:३५

सगळं नाही गेलं. १७१५ चे नागासाकीचे व्यापारी नियम योशिमुनेने ठेवले. हाकुसेकीचा अंदाज होता की शंभर वर्षांत देशातलं एक चतुर्थांश सोनं आणि तीन चतुर्थांश चांदी परदेशी मालापायी बाहेर गेली. म्हणून वर्षाला चिनी जहाजं तीस, डच दोन, आणि व्यापाराला ठरलेली मर्यादा. औषधं आणि पुस्तकं सोडली तर आपल्याला बाहेरचं काय लागतं, असा त्याचा सवाल. हे नियम पुढेही टिकले.

आणि योशिमुनेने पंडित हाकलले असंही नाही. हाकुसेकीच्याच शिफारशीने दरबारात आलेला मुरो क्यूसो त्याचा गुरू झाला, सोराईकडूनही त्याने राज्यकारभारावर लिहून घेतलं. फक्त कोणालाही हाकुसेकीइतकं जवळ येऊ दिलं नाही.

नाणेबाज | गुरुवार, सकाळी १०:५०

आणि १७३६ मध्ये त्याच योशिमुनेने सोन्या-चांदीचा कस पुन्हा उतरवला, कारण भाताचे भाव वर येईनात. ओगिवारा हसला असेल.

तोक्योकर_ताई | गुरुवार, दुपारी १:१५

अजून एक टिकलेली गोष्ट, आणि ती लहान नाही. राजघराण्यातल्या धाकट्या मुलांना बहुतेक मठातच पाठवत. हाकुसेकीने सुचवलं की असंच चाललं तर उद्या वारस मिळणार नाही, एक नवी शाखा काढा. १७१० मध्ये कानइन शाखा सुरू झाली. १७७९ मध्ये सम्राट मुलगा नसताना वारला, आणि गादीवर बसवला तो याच शाखेतला कोकाकु. आजचे सम्राट त्याच्याच वंशातले.

दुपारची_झोप | गुरुवार, दुपारी १:२२

नाण्यात नापास, वंशवेलीत पहिला नंबर.

उलटतपासणी | गुरुवार, रात्री ९:०५

एक हरकत नोंदवते. वर आपण जे जे लिहिलं, १,२९९ व्याख्यानं, डास, सापाचं पिल्लू, ओगिवारावरचे अर्ज, उमेचा खटलासुद्धा, त्यातलं बहुतेक एकाच ठिकाणहून येतं. नोकरी गेल्यावर १७१६ मध्ये त्याने वंशजांसाठी लिहायला घेतलेलं आत्मचरित्र. साक्षीदार एकच, आणि तोच पक्षकार. हायाशी होको मठ्ठ का दिसतो? कारण लिहिणारा हाकुसेकी आहे. पिंपळपान, "तो खरंच राज्य चालवत होता का" या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याने स्वतःच पेरून ठेवलंय.

अडकित्ता | गुरुवार, रात्री ९:३८

हरकत मान्य, पण अर्धीच. कोरियाचा मुख्य राजदूत आणि हाकुसेकी समोरासमोर बसून कुंचल्याने चिनीत लिहून बोलले, ते कागद आहेत. सिदोत्तीची हाडं सापडली. १७१४ ची सोन्याची नाणी संग्रहालयात आहेत, नाणेबाजांना विचारा कस काय भरतो. या गोष्टी घडल्या. त्या आपण एकट्याने घडवल्या असं तो म्हणतो, तेवढ्यावर वाद घाला.

नाणेबाज | गुरुवार, रात्री ९:४४

कस सुमारे ८४. नाणं सुंदर आहे, धोरण वाईट होतं. खडूफळाताई, उद्या सकाळी सातला या, भाताच्या भावांवर बोलू.